तांबड्या पेन्सिलीचा धर्म

एखादी विद्या ज्यास थोडीबहुत अवगत आहे, त्याच्यापुढें केव्हां ना केव्हां एक प्रसंग हटकून येतो. ती विद्या नुकतीच शिकूं लागलेलें कोणी मूल आपली वही घेऊन येतें, ती उघडून पुढें ठेवतें, आणि कांहीं न बोलतां आपल्या तोंडाकडे पाहत उभें राहतें. वहींत चुका असतात, त्या असावयाच्याच. प्रश्न असतो तो आपण काय बोलावें हा. टीकाकाराच्या कर्तव्यासंबंधीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे, परंतु तें बहुतेक सारें ग्रंथकारांवरील टीकेविषयीं आहे. ग्रंथकार प्रौढ असतो. त्याला उत्तर देतां येतें, आणि न देतां आलें तरी वाचकांपैकीं कोणी तरी त्याची बाजू घेतोच. नवशिक्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या कामावरची टीका कोठें छापली जात नाहीं, तिला उत्तर द्यावयास कोणी नसतो, आणि टीका करणाऱ्यास आपण टीका केली याची दुसऱ्या दिवशीं आठवणही राहत नाहीं. असें असूनही घराघरांतून रोज होणाऱ्या ह्याच टीकेनें किती हात घडतात आणि किती हात कायमचे थांबतात, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाहीं.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्ही मुद्दामच एक लहानसें उदाहरण घेतों: ड्रॉइंगच्या वहींतील रेघांचे आणि पेट्यांचे धडे. कवितेंतील दोष हा मुळांत दोषच आहे कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत मतभेद असूं शकतो. आचरणांतील दोष दाखवितांना दाखविणाराचा राग किंवा स्वार्थ मध्यें येतो. पण सरळ काढावयाची रेघ वांकडी झाली, अथवा लांकडी पेटीची मागची बाजू पुढच्या बाजूहून मोठी दिसूं लागली, तर त्याबद्दल वाद घालण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं. जेथें दोष निर्विवाद असतो तेथें तो सांगावा कीं नाहीं, आणि सांगावा तर कसा, एवढाच प्रश्न उरतो. आणि म्हणूनच तो तेथें स्पष्ट दिसतो.

आमची एक भाची एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करीत होती. एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या सरकारी रेखाकला परीक्षा आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं कोणी ना कोणी दिलेल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमितीसह अक्षरलेखन ह्या विषयांच्या नांवानें त्यांच्या आठवणी जाग्या होतील. आम्ही कांहीं चित्रकार नव्हे. तरुणपणीं दोन वर्षें चित्रशाळेंत जाऊन धडे गिरविले, एवढीच आमची पुंजी. परंतु घरांत तेवढीही दुसऱ्या कोणाजवळ नसल्यामुळें, दर रविवारीं सकाळीं ती वही आमच्यापुढें येई. एका पानावर सरळ रेघा, दुसऱ्यावर लंबवर्तुळें, तिसऱ्यावर निरनिराळ्या बाजूंनीं दिसणाऱ्या आठ-दहा पेट्या. चहाचा पेला एका हातांत ठेवून दुसऱ्या हातानें आम्ही पानें उलटीत असूं आणि म्हणत असूं, “छान! हात बसत चालला आहे.” असे चार महिने गेले.

पुढें सुटीच्या एका वर्गांत तेथील मास्तरांनीं तिला एक साधी गोष्ट करावयास सांगितली. प्रत्येक पेटीच्या कडांना पट्टी लावावयाची आणि त्या कडा तांबड्या पेन्सिलीनें मागच्या दिशेनें लांबवावयाच्या. तिनें घरीं येऊन जुनी सारी वही घेतली आणि चार महिन्यांतील एकूण एक पेटी अशी लांबविली. ज्या रेघा दूर जातांना एकत्र यावयास हव्या होत्या, त्या जुन्या केरसुणीच्या काड्यांसारख्या चहूंकडे पसरल्या होत्या. ती वही घेऊन ती रविवारीं आली, पूर्वीप्रमाणेंच ती उघडून पुढें ठेवली, आणि रागावल्याचा लवलेशही न दाखवितां तिनें विचारलें, “मामा, तुम्हांला हें दिसलं नव्हतं का?”

ह्या प्रश्नास दोनच उत्तरें असूं शकत होतीं. दिसलें नव्हतें असें म्हणावें, तर ज्यास दिसत नाहीं त्यानें चार महिने मत कां द्यावें? दिसलें होतें असें म्हणावें, तर मग “छान” हा शब्द खोटा ठरतो. आम्ही त्या वेळीं हंसून कांहीं तरी बोललों आणि विषय बदलला. पण प्रश्न गेला नाहीं. आणि पुढें जें लिहिलें आहे, तें त्या प्रश्नाचें आम्हांस उशिरा सुचलेलें उत्तर आहे.

प्रथम आमच्या बाजूनें जें सांगण्यासारखें आहे तें सांगतों. नवशिक्याचा उत्साह कोंवळा असतो, त्यावर दोषांचें ओझें घालूं नये, असें आम्हांस खरोखरच वाटत होतें. पुष्कळ सज्जनांस असेंच वाटतें, आणि त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु स्तुति ही नाण्यासारखी आहे. चांगल्या पेटीला आणि वाईट पेटीला जेव्हां एकच “छान” मिळतें, तेव्हां त्या शब्दानें कांहींच विकत घेतां येत नाहीं. मुलें ह्या बाबतींत आपण समजतों त्याहून फार शहाणीं असतात. मामा प्रत्येक पानास छान म्हणतात, हें आमच्या भाचीच्या लक्षांत पहिल्याच महिन्यांत आलें असलें पाहिजे. आणि त्यानंतर ती वही घेऊन येत होती ती मत ऐकण्यासाठीं नव्हे, तर रीत म्हणून. ज्या दिवशीं तिची एक पेटी खरोखर साधली असेल, त्या दिवशीं तिला तें सांगावयास आमच्यापाशीं शब्दच उरला नव्हता. दोष न सांगण्यांत आपण केवळ दोषच लपवितों असें नाहीं. आपण गुणही लपवितों.

आतां दुसऱ्या टोंकास असलेला टीकाकार पाहूं. हा पान हातीं घेतांच तांबडी पेन्सिल उचलतो. रेघ वांकडी, वर्तुळ चेपलेलें, पेटी बिघडलेली, छाया चुकलेली, कागद मळलेला. पानभर तांबड्या खुणा करून तो वही परत देतो आणि आपण कर्तव्य केलें असें समजतो. त्याचें प्रत्येक वाक्य खरें असतें. तरीही मूल घरीं जाऊन वही मिटून ठेवतें, आणि त्यास मुलाचा दुबळेपणा म्हणून हा गृहस्थ मोकळा होतो. मनुस्मृतींत सत्य आणि प्रिय यांच्या मेळाविषयीं जें प्रसिद्ध वचन आहे, त्यानें दोन वाटा बंद केल्या आहेत: अप्रिय सत्याची आणि प्रिय असत्याची. पहिली वाट ह्या गृहस्थाची, दुसरी आमची. दोन्ही बंद असतां नवशिक्यापाशीं जावयाचें कोणत्या वाटेनें? आमच्या मतें सत्य अप्रिय होतें तें बहुधा त्याच्या कडूपणामुळें नव्हे. तें हातांत घेऊन कांहीं करतां येत नाहीं, म्हणून तें अप्रिय होतें. “तुझी रेघ वाईट आहे” हें सत्य मुलानें घेऊन जावें कोठें?

तेव्हां रेघेचें सत्य काय असतें, हें जरा जवळून पाहिलें पाहिजे. नवशिक्याच्या सरळ रेघेंत तीन दोष वारंवार दिसतात. पहिला, रेघ सबंध न राहतां बारीकबारीक तुकड्यांची, केसाळ होते. दुसरा, ती थरथरते. तिसरा, ती सरळ जाण्याऐवजीं कमानीसारखी वळते. तिघांचीं कारणें निराळीं आहेत. केसाळ रेघ ही भीतीची रेघ होय. चुकलें तर थोडेंच चुकावें म्हणून हात वीतभर अंतर दहा हप्त्यांनीं चालतो. थरथरणारी रेघ ही अति देखरेखीची रेघ होय. डोळा पेन्सिलीच्या टोंकाला चिकटून बसतो आणि पावलोपावलीं तिला सुधारूं पाहतो, म्हणून ती सावकाश आणि कांपत जाते. कमानी रेघेंत तर मनाचा कांहींच अपराध नाहीं. मनगट टेंकवून हात फिरविला म्हणजे मनगट हें बिजागरीचें काम करतें, आणि पेन्सिल कंपासाच्या टोंकाप्रमाणें वर्तुळाचा तुकडा काढते. लांब रेघ कोपरापासून किंवा खांद्यापासून यावी लागते, ती ह्यासाठींच.

आतां “रेघ वाईट आहे” ह्या एकाच वाक्यानें ह्या तिन्ही मुलांना काय मिळालें? कांहीं नाहीं. परंतु पहिल्यास “दोन बिंदु मांड, त्यांच्यामधून हात तीन-चार वेळां हवेंत फिरव, आणि मग एका दमांत ओढ, चुकली तरी तिच्यावर पुनः गिरवूं नकोस” असें सांगितलें, तिसऱ्यास “मनगट उचल” एवढेंच सांगितलें, तर सत्य तेंच राहून त्याला मूठ लावल्यासारखें होतें, तें धरतां येतें. येथें एक निवडही करावी लागते, आणि ती केवळ चित्रकलेची नसून नीतीची आहे. बिंदूला नेमकी पोंचलेली पण कांपणारी रेघ चांगली, कीं बिंदु चुकवून गेलेली पण निर्भय रेघ चांगली? जुने जाणते शिक्षक बहुधा दुसरीला अधिक मान देतात. निर्भय रेघेचा नेम पुढें सुधारतां येतो. भ्यालेल्या रेघेला नेम साधला तरी भीति जात नाहीं. म्हणून पहिल्या महिन्यांत तांबडी पेन्सिल नेमावर चालवूं नये, असें आमचें मत झालें आहे. आणि कंपासारख्या ज्या गोष्टी केवळ संवयीनेंच जावयाच्या, त्यांबद्दल मुलाला रागें भरणें म्हणजे रोप अजून वाढलें नाहीं म्हणून त्याला दटावण्यासारखें आहे. समजुतीची चूक सांगून जाते; हाताची चूक केवळ दिवस गेल्यानें जाते. कोणती कोणती आहे हें ओळखणें हें सांगणाराचें काम आहे, ऐकणाराचें नव्हे.

पेट्यांचा धडा याहून वेगळा आहे. तेथें चूक बहुतेक समजुतीची असते. पेटीला बारा कडा असतात, आणि त्या चार-चारांच्या तीन गटांत पडतात. प्रत्येक गटांतील चारही कडा वस्तुतः समांतर असतात. पण डोळ्यांस त्या तशा दिसत नाहींत. आगगाडीच्या रुळांकडे उभें राहून पाहिलें असतां ते दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, तशाच ह्या कडाही दूर जातां जातां एकमेकींजवळ सरकतात; लांबविल्या तर चारही एकाच लोपबिंदूंत मिळाल्या पाहिजेत. जो गट कागदाच्या प्रतलाशीं समांतर असेल तेवढा मात्र समांतरच राहतो. ह्या शास्त्रास आपण यथार्थदर्शन म्हणतों. नवशिक्याची अडचण अशी कीं, पेटीच्या कडा समांतर आहेत हें त्याला माहीत असतें, आणि हात डोळ्यांचें न ऐकतां माहितीचें ऐकतो. कधीं तो दोन-दोन कडांच्या जोड्या लावतो आणि दोन जोड्या दोन ठिकाणीं मिळतात. कधीं एखादी कड उलट फांकते आणि पेटीची मागची बाजू फुगून येते.

हें शास्त्र युरोपांत पंधराव्या शतकाच्या आरंभीं फ्लॉरेन्स शहरांत आकारास आलें. ब्रुनेलेस्की नांवाच्या शिल्पकारानें तेथील कॅथीड्रलच्या दारांतून दिसणारें समोरचें बॅप्टिस्टरी नांवाचें मंदिर एका फळीवर रंगविलें, फळीला भोंक पाडलें, आणि पाहणारास त्या भोंकांतून, फळीच्या मागच्या बाजूनें, समोर धरलेल्या आरशांत तें चित्र पाहावयास लावलें. आरसा बाजूस केला कीं खरी इमारत दिसे. चित्र खरें आहे कीं नाहीं हें ब्रुनेलेस्कीच्या सांगण्यावर अवलंबून राहिलें नव्हतें. ज्याला डोळा आहे त्यानें स्वतः पाहून ठरवावें, अशी ती योजना होती. 1435 सालीं आल्बेर्टीनें चित्रकलेवर जो ग्रंथ लिहिला, त्यांतही चित्रकारानें आपलें काम आरशांत पाहावें असा उपदेश आहे. उलट दिसणाऱ्या प्रतिमेंत दोष उघडे पडतात. 1525 मध्यें ड्यूररनें मोजमापावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत दृश्य नेमकें उतरवून घेण्याचीं यंत्रें चित्रांसह दाखविलीं. ह्या सर्वांच्या मागें एकच ध्यास दिसतो: चित्राचा न्याय कोणाच्या अधिकारावर राहूं नये.

आमच्या भाचीच्या हातांत त्या मास्तरांनीं जी पट्टी आणि तांबडी पेन्सिल दिली, ती ह्याच जातीची होती. त्यांनीं पेटी चुकली असें म्हटलें नाहीं. पेटी चुकली आहे कीं नाहीं हें कसें पाहावें तेवढें सांगितलें. ह्यांत जो फरक आहे तो फार मोठा आहे. गुरु दोष सांगतो तेव्हां गुरु एका बाजूस आणि शिष्य दुसऱ्या बाजूस असतो. पट्टी दोष सांगते तेव्हां गुरु आणि शिष्य दोघेही एकाच बाजूस, कागदावर वांकलेले असतात. पट्टीचा राग येत नाहीं. पट्टी गोड बोलत नाहीं म्हणून तिच्यावर अविश्वासही येत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ती पुढच्या रविवारची वाट पाहावयास लावीत नाहीं.

येथें कोणी चतुर वाचक आम्हांस अडवील, आणि अडवावेंच. रेघा एका बिंदूंत मिळाल्या पाहिजेत, हा नियम कोणी केला? मोगल किंवा दखनी चित्रांत गालिचा वरून पाहिल्यासारखा चौकोनी पसरलेला असतो, आणि त्यावर बसलेलीं माणसें बाजूनें पाहिल्यासारखीं दिसतात; त्या चित्रांना आपण चुकीचीं म्हणतों काय? विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत चित्राच्या निरनिराळ्या गुणांचे निरनिराळे रसिक सांगितले आहेत. त्यांत आचार्य प्रशंसा करतात ती रेषेची. लोपबिंदूचें शास्त्र त्या आचार्यांच्या मानानें फार अलीकडचें. आणि 1857 सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें यथार्थदर्शनाचे युरोपीय धडे घेतलेले विद्यार्थी जेव्हां ग्रिफिथ्स ह्या आपल्या गुरूंच्या देखरेखीखालीं 1872 ते 1885 पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रति करीत होते, तेव्हां त्यांच्यापुढें भिंतीवर जी रेषा होती ती त्यांच्या धड्यांतील नियमांना विचारून काढलेली नव्हती. तिच्यासमोर बसून वर्षानुवर्षें हात चालविणाऱ्यांना, आपण शिकलों तो एक नियम आहे, एकमेव नियम नव्हे, हें निराळें सांगावें लागलें नसेल.

हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण त्यावरून दोष दाखवूंच नये असें निष्पन्न होत नाहीं. त्यावरून एवढेंच ठरतें कीं, दोष दाखविणारानें आपण कोणत्या नियमानें पाहत आहों, तें आधीं सांगितलें पाहिजे. “ह्या धड्यांत कडा एका बिंदूकडे जावयास हव्यात, आणि ही कड जात नाहीं” हें वाक्य खरें आहे. “तुला चित्र काढतां येत नाहीं” हें वाक्य त्याच पानावरून काढलेलें असलें तरी खोटें आहे, कारण त्या पानावर त्याचा पुरावाच नाहीं. लहान मूल टेबल काढतांना वरची फळी सबंध चौकोनी काढतें आणि चारही पाय चारी दिशांना दाखवितें. तें जें जाणतें तें सारें कागदावर ठेवतें. त्याला चूक म्हणणें हा अडाणीपणा होय. तेंच मूल चौदाव्या वर्षीं यथार्थदर्शन शिकावयास आपण होऊन आलें, म्हणजे मात्र तशा टेबलास त्या धड्यापुरतें चूक म्हणावें लागतें. टेबल तेंच आहे. बदललें तें मुलानें मागितलेलें माप. जें माप मागितलें नाहीं तें लावणें हा अन्याय, आणि जें मागितलें तें न लावणें हीही फसवणूकच.

अपेलीसची एक जुनी कथा प्लिनी ह्या रोमन ग्रंथकारानें सांगून ठेवली आहे. अपेलीस आपलीं चित्रें रस्त्यावरील लोकांना दिसतील अशीं ठेवी आणि मागें लपून त्यांचीं मतें ऐके. एका चांभारानें चित्रांतील पायताणाला एक बंद कमी असल्याचें दाखविलें. अपेलीसनें तें दुरुस्त केलें. दुसऱ्या दिवशीं तोच चांभार उत्साहानें पायाच्या रेखाटणीवर बोलूं लागला, तेव्हां अपेलीसनें बाहेर येऊन त्याला पायताणाच्या वर न जाण्याविषयीं बजावलें. ह्या कथेचें तात्पर्य म्हणून चांभाराची फजिती सांगण्याची रीत आहे. आमचें लक्ष मात्र पहिल्या दिवसाकडे जातें. शिकंदर बादशहाच्या चित्रकारानें एका चांभाराचें ऐकून चित्र बदललें, कारण चांभारानें पायताण खरोखरच पाहिलें होतें, आणि जें पाहिलें तेवढेंच, तेथल्या तेथें बोट ठेवून सांगितलें होतें. आम्ही त्या चांभाराइतकेंही नव्हतों.

आणखी एका मोहाविषयीं लिहिल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. तो मोह म्हणजे मुलाच्या हातांतून पेन्सिल घेऊन त्याच्याच कागदावर चित्र नीट करून देणें. परीक्षा जवळ आली, घरांतील वडील माणसें चित्र पाहावयास जमलीं, म्हणजे हा मोह फार बळावतो. दोन-चार रेघांनीं पेटी सावरते, सारे वाहवा करतात, मूलही आनंदित दिसतें. पण त्या कागदावर आतां त्याचें काय राहिलें? चूक त्याची होती, तीही आपण नेली. पुढच्या खेपेस तें तेवढी जागा मोकळी ठेवून वही आणतें, आणि ह्याला आपण शिकणें म्हणतों. दाखवावयाचेंच असेल तर तें निराळ्या कागदावर, फार तर समासांत दाखवावें. शिष्याची रेघ, ती कितीही वांकडी असो, त्याच्या मिळकतीची आहे. तिच्यावर आपली रेघ ओढण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाहीं.

आतां भाचीच्या प्रश्नाकडे परत येतों. दिसलें होतें कीं दिसलें नव्हतें, अशा दोन उत्तरांत आम्ही कित्येक दिवस घोटाळत होतों. शेवटीं लक्षांत आलें कीं खरें उत्तर तिसरेंच होतें. आम्हीं पाहिलेंच नव्हतें. पेट्यांकडे नजर गेली होती; पण एकाही पेटीची एकही कड कोठें चालली आहे, हें आम्हीं एकदांही मनांत लांबवून पाहिलें नव्हतें. कोंवळा उत्साह मोडूं नये हें कारण नंतर, प्रश्न विचारला गेल्यावर सुचलें. “छान” ह्या शब्दानें आम्हीं तिचा उत्साह राखला नव्हता, आमचा रविवार राखला होता. आणि तिला जें लागलें असेल तें चार महिने चुका झाल्याचें नव्हे. चार महिने आपण काढीत होतों तें कोणी पाहत नव्हतें, हें होय. तांबडी खूण कितीही बोंचरी असली तरी ती एक गोष्ट निश्चितपणें सांगते, कीं कोणी तरी येथपर्यंत येऊन थांबला होता. नुसत्या “छान” मध्यें तेवढेंही आश्वासन नसतें.

पुढच्या एका रविवारीं आम्हीं तिला हें असेंच सांगितलें. मामानें भाचीपुढें अशी कबुली देण्याची आमच्या घरांत रीत नाहीं, त्यामुळें वाक्य पुरें करावयास थोडा वेळ लागला. ती कांहीं बोलली नाहीं. मग आम्ही दोघांनीं ती जुनी वही पहिल्या पानापासून घेतली, आणि तांबड्या रेघा पाहत बसलों. चौथ्या पानावर एक पेटी अशी निघाली कीं तिच्या एका गटाच्या चारही कडा नीट एका बिंदूजवळ जमत होत्या. आम्हीं ती दाखविली, तेव्हां तिनें पट्टी घेऊन पुनः एकदां लावून पाहिली, आणि मगच विश्वास ठेवला. तिनें आमच्या शब्दावर विश्वास न ठेवतां पट्टीवर ठेवला, याचें त्या दिवशीं थोडें वाईट वाटलें. पुढें तें वाटेनासें झालें; जो दोष दाखवितो त्यानें शिष्याला अखेर जेथें नेऊन सोडावयाचें असतें, ती हीच जागा आहे.

परीक्षा होऊन गेली. वही अजून येते, पण दर रविवारीं नव्हे. हल्लीं ती येते तेव्हां कडा आधींच लांबविलेल्या असतात, आणि जेथें चूक कळली पण कारण कळलें नाहीं तेवढ्याच पेटीवर तिनें बारीक फुली केलेली असते. आम्ही चहाचा पेला खालीं ठेवतों, चष्मा पुसतों, आणि त्या फुलीपासून पाहावयास सुरुवात करतों.